आयडलचा स्क्रू नेमके काय ठरवतो?

मे महिन्यातील एका दुपारी नागपूरच्या व्हरायटी चौकातील सिग्नलवर माझी जुनी डिझेल गाडी एसी चालू असताना दोनदा बंद पडली. सकाळी एसीविना हीच गाडी विनातक्रार चालली होती. मिस्त्रीने बॉनेट उघडून सिलिंडरला डिझेल पुरवणाऱ्या पंपावरचा आयडलचा (म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन ज्या वेगाने फिरते त्या वेगाचा) स्क्रू दीड फेरा आत फिरवला आणि “स्लो वाढवून दिला, आता नाही बंद पडणार” असे म्हणून हात पुसले. शेजारच्या गृहस्थांचे मत नेमके उलट होते: तोच स्क्रू बाहेर घेतला की डिझेल वाचते. दोघेही त्या स्क्रूकडे नळाच्या तोटीसारखे पाहत होते, आणि हा समज इतका सार्वत्रिक आहे की त्या स्क्रूचे खरे काम सविस्तर सांगावेसे वाटते.

पेट्रोलच्या जुन्या गाडीत थ्रॉटलची झडप हवेची वाट अडवते. डिझेल इंजिनात अशी अडवणूक नसते; सिलिंडर दर वेळी हवेने पूर्ण भरतो आणि वेग केवळ इंधनाच्या मात्रेवर ठरतो. ही मात्रा किती लहान असते? दीड लिटर क्षमतेचे चार सिलिंडरचे इंजिन नुसते उभे राहून ताशी सुमारे अर्धा लिटर डिझेल पिते असे धरू. मिनिटाला ८०० फेरे असतील, तर प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदा याप्रमाणे मिनिटाला १,६०० आणि तासाला ९६,००० फवारे होतात. म्हणजे एका फवाऱ्यात जेमतेम ५ घन मिलिमीटर, पाण्याच्या एका थेंबाच्या दहाव्या हिश्शाइतके डिझेल. (इंधनाच्या नळीवर चुंबक बसवून मायलेज वाढवण्याच्या जाहिराती अजूनही दिसतात. चुंबकाला दाद देईल असे डिझेलमध्ये काही नसते. तो पैसा फिल्टरवर खर्च करावा.)

एवढी मात्रा एकदा ठरवून स्थिर ठेवली, तर इंजिन एका वेगावर टिकेल का? टिकत नाही. पंपाच्या प्लंजरभोवतीच्या (डिझेल दाबणाऱ्या दट्ट्याभोवतीच्या) सूक्ष्म फटीतून थोडे डिझेल मागे झिरपते. वेग वाढला की झिरपायला वेळ कमी मिळतो, त्यामुळे दर फवाऱ्यात किंचित जास्त डिझेल जाते आणि वेग आणखी वाढतो. वेग घटला की याच्या उलट घडून इंजिन बंद पडते. म्हणून पंपाच्या पोटात एक पहारेकरी बसवावा लागतो, तो म्हणजे गव्हर्नर.

ही कल्पना जुनी आहे. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनासाठी फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर वापरला आणि १८६८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने त्याच्या स्थैर्याचे गणित मांडले. डिझेल पंपातही अशीच वजने फिरतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात, एका बाहीला (सरकत्या नळीला) ढकलतात आणि ती बाही तरफेमार्फत इंधन कमी करते. तरफेच्या दुसऱ्या बाजूला स्प्रिंग असते, जी इंधन वाढवण्याच्या दिशेने ओढत राहते. या दोघांची रस्सीखेच जिथे बरोबरीत सुटते, तो इंजिनाचा वेग. आयडलचा स्क्रू ॲक्सिलरेटरच्या तरफेला कुठे थांबायचे ते सांगतो, आणि त्यावरून स्प्रिंगचा ताण ठरतो. स्क्रूने वेग मागायचा आणि तो राखण्यासाठी लागेल तेवढे डिझेल गव्हर्नरने मोजायचे, अशी ही कामाची वाटणी आहे.

आता एसीचा कॉम्प्रेसर ‘टक्’ करून जोडला गेला असे समजू. भार वाढल्याने वेग घसरतो, वजने आत येतात, स्प्रिंग वरचढ होते आणि इंधन वाढते. पण वेग पूर्ववत होत नाही. जास्त इंधनासाठी बाही नव्या जागी थांबलेली असते, तिथे स्प्रिंगची लांबी आणि म्हणून तिचे बलही वेगळे असते, आणि त्या बलाशी बरोबरी होते ती थोड्या कमी वेगावर. शिवाय वजनांचे अपकेंद्री बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते: ४,००० फेऱ्यांना जेवढे बल मिळते, त्याच्या पंचविसावा हिस्सा, तोही वजने त्याच त्रिज्येवर आहेत असे मानले तर, ८०० फेऱ्यांना मिळतो. म्हणून आयडलसाठी वेगळी, नाजूक स्प्रिंग लागते, आणि म्हणूनच स्क्रूचा पाव फेरासुद्धा इंजिनाला जाणवतो.

नागपूरचा उन्हाळा या नाजूक तोलावर आणखी भार टाकतो. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती. अशा दिवशी बॉनेटखालचे डिझेल किती तापत असेल याची कल्पना करावी. तापलेले डिझेल पातळ होते, झिजलेल्या पंपात अधिक झिरपते आणि गव्हर्नरची बरीच ताकद ती तूट भरून काढण्यातच खर्ची पडते.

वेग कानाने ठरवू नये. डिझेलला ठिणगी नसल्याने प्लगच्या वायरला लावायचा मीटर येथे निरुपयोगी असतो. इंजिनासोबत फिरणाऱ्या क्रँक पुलीवर चमकत्या पट्टीचा नखाएवढा तुकडा चिकटवून प्रकाशावर चालणारा टॅकोमीटर (फेरे मोजणारा मीटर) वापरावा, मात्र ट्यूबलाइटखाली नव्हे. तिची लुकलुक मोजली जाऊ शकते. मोजमापाचे साधनही चुकते. मे २०२४ मध्ये नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, ती बातमी देशभर फिरली, आणि सेन्सर बिघडल्याचा हवामान खात्याचा खुलासा फारच थोड्यांनी वाचला.

प्रत्यक्ष काम लहान आहे. इंजिन पूर्ण गरम असावे, एसी व दिवे बंद असावेत, ॲक्सिलरेटरची केबल किंचित सैल असावी आणि शर्टाच्या बाह्या इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यापासून दूर असाव्यात. चेकनट (स्क्रू जागीच धरून ठेवणारा नट) सैल करून पाव-पाव फेरा द्यावा, रेस देऊन सोडावी, वेग पुन्हा मोजावा आणि नट आवळावा. वेग मॅन्युअलमध्ये दिलेलाच ठेवावा. बहुतेक जुन्या गाड्यांत तो ७५० ते ८५० च्या आसपास असतो. पंपावरच्या सीलबंद स्क्रूंना हात लावू नये. नव्या पद्धतीच्या कॉमन रेल डिझेल इंजिनात वेग संगणक सांभाळतो, तिथे फिरवायला असा स्क्रूच नसतो.

माझ्या गाडीचा वेग मोजला तेव्हा एसी बंद असताना १,१२० भरला. तो ८२० वर आणला आणि एसी लावला, तर इंजिन ६८० वर येऊन थरथरू लागले. एसी लागताच पंपाची तरफ थोडी ओढून धरणारी व्हॅक्यूमची एक डबी या गाडीत आहे. ती जागची हललीसुद्धा नाही. तिच्याकडे जाणारी बोटभर रबरी नळी उन्हाने कडक होऊन टोकाशी चिरली होती. चिरलेले टोक कापून नळी पुन्हा बसवली. आता एसी लागला की तरफ पुढे सरकलेली दिसते आणि मीटरवर ८७० येतात.