रोज २ ग्रे, सात आठवडे: रेडिएशनच्या वेळापत्रकामागची पार्श्वभूमी

तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगासाठी रेडिएशन ठरले की फायलीवर बहुधा असे लिहिलेले असते: ७० ग्रे, ३५ भाग, आठवड्यातून पाच दिवस. रोजची मात्रा २ ग्रे आणि मशीनखालचा वेळ काही मिनिटांचा. मग सगळे एकदाच का देऊन टाकत नाहीत? मध्येच सणासाठी चार दिवस गावी जाऊन आले तर काय बिघडते? जवळपास प्रत्येक रुग्णाच्या घरून हे दोन प्रश्न येतात. दोन्हींचे उत्तर मिळायला सुमारे शतक लागले.

१ ग्रे म्हणजे एक किलो ऊतीत शोषली गेलेली १ ज्यूल ऊर्जा. संपूर्ण शरीराला एकाच वेळी ४ ग्रे बसले आणि उपचार मिळाले नाहीत, तर साधारण निम्मी माणसे दगावतात. तरीही तेवढ्या ऊर्जेने शरीराचे तापमान जेमतेम एक हजारांश अंशाने वाढते. याचा अर्थ मारते ती उष्णता नव्हे. ऊर्जा किती आहे यापेक्षा ती केवढ्या मोठ्या गठ्ठ्यांत येते, हे इथे निर्णायक ठरते. मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्झ लहरीच्या एका फोटॉनमध्ये, म्हणजे ऊर्जेच्या एका गठ्ठ्यात, इलेक्ट्रॉनव्होल्टचा (अणूंच्या पातळीवरची ऊर्जा मोजायचे एकक) एक लाखांश भागही नसतो, आणि रासायनिक बंध तोडायला काही इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. त्यामुळे अशा लहरी तीव्र असतील तर ऊती तापवतात, पण डीएनएचा बंध थेट तोडू शकत नाहीत. रेडिएशनच्या मशीनमध्ये वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूचा फोटॉन दहा लाखांहून अधिक इलेक्ट्रॉनव्होल्टचा असतो. तो अणूंतून इलेक्ट्रॉन उडवतो, ते इलेक्ट्रॉन आजूबाजूच्या पाण्यात अत्यंत क्रियाशील रेणू तयार करतात आणि डीएनए तुटतो.

एका पेशीला १ ग्रे बसले की डीएनएचा एकच धागा तुटल्याच्या सुमारे हजार जखमा होतात, तर दोन्ही धागे एकाच जागी तुटल्याच्या वीस ते चाळीस. पहिल्या प्रकारात समोरचा धागा शाबूत असतो, त्याच्यावरून पेशी दुरुस्ती करून घेते. दुसऱ्या प्रकारात तुटलेली टोके चुकीची जोडली जाण्याचा धोका असतो. अशी पेशी बहुतेकदा लगेच मरत नाही. ती विभाजनाला निघते आणि तिथे फसते. रेडिएशनचा परिणाम, चांगला काय आणि त्रासाचा काय, दिवसा-आठवड्यांनी दिसतो तो यामुळेच.

राँटगेनने १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले तेव्हा यातले काहीच माहीत नव्हते. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात लिओपोल्ड फ्रॉइंड यांनी एका लहान मुलीच्या पाठीवरच्या केसाळ डागावर रोज तासन्‌तास किरण सोडले. केस गेले, पण नंतर पाठीवर खोल व्रण झाला. एडिसनचे सहायक क्लॅरेन्स डॅली यांचे हात किरणांनी गेले आणि १९०४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. १९०६ मध्ये फ्रान्समध्ये बेर्गोनिए आणि त्रिबोंदो यांनी उंदरांच्या वृषणांवर काम करून एक नियम मांडला: ज्या पेशी सतत विभागतात आणि अजून पक्व झालेल्या नाहीत, त्या किरणांना जास्त बळी पडतात. त्याला अपवाद आहेत, पण विचाराची दिशा मिळाली.

मात्रा विभागण्याचा खरा पाया पॅरिसच्या रेडियम संस्थेत घातला गेला. त्या काळी जर्मनीत मोठी मात्रा एका दमात देण्याचा आग्रह होता. क्लोद रेगो यांनी मेंढ्यावर प्रयोग केले. वृषण कायमचे निकामी करायला एकाच वेळी पुरेसे किरण दिले की वरची कातडी भाजून निघे. तेच किरण काही आठवड्यांत विभागून दिल्यावर मेंढा निर्बीज झाला आणि कातडी वाचली. रेगो यांनी वृषणाला वाढत्या गाठीच्या जागी धरले, कातडीला निरोगी ऊतीच्या जागी. त्यांचे सहकारी आंरी कुतार यांनी १९२० च्या दशकात हीच पद्धत घशाच्या कर्करोगावर वापरली आणि खोलवरच्या गाठी बऱ्या होऊ लागल्या. तोंडाच्या आतले अस्तर कधी सोलवटते आणि कातडी कधी, याच्या त्यांनी बारकाईने नोंदी ठेवल्या. मला हा टप्पा सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण डीएनएची रचना कळण्याच्या कितीतरी आधी केवळ निरीक्षणाने योग्य वाट सापडली होती.

कारण कळले ते १९५६ नंतर. पक आणि मार्कस यांनी हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवता येणाऱ्या मानवी कर्करोगाच्या पेशी) बशीत वाढवल्या, त्यांवर क्ष-किरण सोडले आणि किती पेशी पुन्हा वसाहत करू शकतात हे मोजले. कमी मात्रेला जिवंत पेशींचा आलेख हळू उतरत होता आणि पुढे एकदम घसरत होता. १९५९ मध्ये एलकाइंड आणि सटन यांनी मात्रेचे दोन भाग करून मध्ये काही तास जाऊ दिले. आलेखाचा तो सुरुवातीचा हळू उतार परत आला, म्हणजे मधल्या वेळात पेशींनी दुरुस्ती उरकली होती. चेतातंतूंसारख्या सावकाश प्रतिसाद देणाऱ्या निरोगी ऊतींना या विश्रांतीचा फायदा गाठीपेक्षा जास्त मिळतो. विभागणीचा सगळा हिशेब या फरकावर चालतो. शिवाय रक्तवाहिनीपासून दूर, प्राणवायू न मिळणाऱ्या पेशी मारायला अडीच ते तीनपट मात्रा लागते, हे लुई ग्रे यांच्या गटाने १९५३ मध्ये दाखवले होते. रक्तवाहिनीजवळच्या पेशी मेल्या की रोजच्या अंतरात आतल्या पेशींपर्यंत प्राणवायू पोहोचू लागतो.

३५ हा आकडा साध्या हिशेबानेही पटतो. एक घन सेंटिमीटर गाठीत सुमारे १०० कोटी पेशी धरतात. २ ग्रेने निम्म्या उरतात असे मानले, तर तीस वेळा निम्मे केल्यावर एक उरते. गाठ मोठी असेल तर आणखी काही भाग लागतात.

पण गाठीला वेळ दिला की तीही भरून काढते. विदर्स आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवले की डोक्या-मानेच्या कर्करोगात सुमारे चौथ्या आठवड्यानंतर उरलेल्या पेशी वेगाने वाढू लागतात. त्यानंतर लांबलेल्या प्रत्येक दिवसापोटी साधारण ०.६ ग्रे वाया जातात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या नऊ केंद्रांवरच्या चाचणीत आठवड्याला पाचऐवजी सहा भाग देऊन उपचार लवकर संपवले. मात्रा तीच होती, तरी पाच वर्षांनी गाठ आटोक्यात असलेल्यांचे प्रमाण ३० वरून ४२ टक्क्यांवर गेले.

तंबाखू आणि मिश्रीमुळे महाराष्ट्रात हा कर्करोग फार आहे, त्यामुळे प्रत्यक्षात खंड कशाने पडतो हे माहीत असलेले बरे. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटते, गिळवत नाही, वजन उतरते. मग डोके हलू नये म्हणून घातलेला चेहऱ्यावरचा प्लास्टिकचा मुखवटा सैल होतो आणि पुन्हा सीटी करून नवी आखणी करावी लागते. म्हणून तोंड फार बिघडण्याआधीच दात तपासून घेणे, मिठाच्या-सोड्याच्या गुळण्या आणि गरज पडेल तर नाकातून अन्न देण्याची नळी घालणे, हे आधीच ठरवून ठेवतात. तरीही दिवस बुडालाच, तर शनिवारी भाग देतात किंवा एका दिवसात दोन देतात, मात्र मध्ये किमान सहा तास ठेवून, कारण निरोगी ऊतींची दुरुस्ती तेवढ्या वेळात बरीचशी व्हावी लागते. मज्जारज्जूची दुरुस्ती त्याहूनही सावकाश होते. त्याला ४५ ते ५० ग्रेच्या वर जाऊ द्यायचे नसते, म्हणून हा बदल डॉक्टर आणि भौतिकतज्ज्ञ पुन्हा मोजूनच करतात. चुकलेले २ ग्रे दुसऱ्या दिवशीच्या भागात मिसळून एकदम ४ ग्रे दिले तर एकूण बेरीज जुळते, पण किरण एकाच वेळी दिल्यावर रेगो यांच्या मेंढ्याच्या कातडीचे जे झाले, तेच निरोगी ऊतींचे होऊ लागते.