दीपगृहाजवळची पुळण निर्जन का राहिली?

जुने दीपगृह आणि त्याच्या पायथ्याशी पसरलेली, माणसांची वर्दळ नसलेली पुळण. पाहणाऱ्याला वाटते, नशिबाने वाचलेली जागा. मला मात्र यात नशिबाचा भाग कमीच दिसतो. ज्या धोक्यामुळे तिथे दिवा लावावा लागला, त्याच धोक्याने माणसांनाही तिथून लांब ठेवले.

सुरुवातीचे मोठे दिवे बंदरांचे होते. इ.स.पू. 280 च्या सुमारास अलेक्झांड्रियाला फॅरोस बेटावर उभा राहिलेला, शंभर मीटरच्या आसपास उंचीचा मनोरा गलबतांना 'इकडे या' म्हणत होता. चौदाव्या शतकातल्या भूकंपांनी तो मोडला. पण फ्रेंच आणि इटालियन लोक दीपगृहाला आजही त्याच बेटाच्या नावाने ओळखतात. 'इकडे येऊ नका' म्हणणारे दिवे खरे वाढले ते गेल्या तीन शतकांत. इंग्लंडच्या दक्षिणेला भर समुद्रातल्या एडिस्टन खडकावर हेन्री विन्स्टन्ली यांनी 1698 मध्ये लाकडी मनोरा उभारून दिवा लावला. 1703 च्या महावादळात तो मनोरा वाहून गेला आणि दुरुस्तीसाठी आत मुक्कामाला असलेले विन्स्टन्लीही त्याच्यासोबत गेले.

बंदराच्या दिव्याभोवती गाव वाढते. खडक, उथळ वाळू आणि उलटसुलट प्रवाह दाखवणाऱ्या दिव्याभोवती काय वाढणार? तिथे नांगर टाकायला जागा नसते, माल उतरवायला धक्का नसतो. अठराव्या शतकाच्या मध्यावर डॉ. रिचर्ड रसेल यांच्यासारखे वैद्य समुद्रस्नानाची शिफारस करू लागले आणि ज्या किनाऱ्याला लोक भीत होते तिथे हवापालटासाठी येऊ लागले. पुढे रेल्वे आली. गर्दी रेल्वे जाईल तिथे झाली, भूशिरांवरची दीपगृहे आपल्या जागी एकटीच राहिली.

एकटी म्हणजे ओसाड नव्हेत. रखवालदार आणि त्यांची कुटुंबे तिथेच राहत. ओग्युस्तँ फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याचे भिंग 1823 मध्ये कोर्दुआँच्या दीपगृहात लागले आणि रखवालदारांचे काम बदलले. एकाभोवती एक अशी लोलकांची वलये तेलाच्या दिव्याचा वर-खाली वाया जाणारा प्रकाश गोळा करून क्षितिजाकडे वळवत. असे भिंग जवळून पाहावे: पितळी चौकटीत बसवलेली जाड काच, कडांना हिरवट झाक, आणि मधोमध एवढासा दिवा. रात्री ते फिरवायला घड्याळासारखे यंत्र असे. मनोऱ्याच्या पोकळीतून खाली उतरणारे वजन पुन्हा वर ओढायला रखवालदाराला दर काही तासांनी चावी द्यावी लागे. चुकले तर उघडझापीचा ताल बिघडणार, आणि त्या तालावरूनच तर खलाशी 'हा अमुक दिवा' असे ओळखत. दिवसा काचांना पडदे लावायचे, कारण जे भिंग प्रकाश बाहेर फेकते तेच सूर्याचे ऊन आत एकवटून आग लावू शकते. मला या साऱ्या इतिहासात हे पडदे सगळ्यात जवळचे वाटतात. समुद्र सांभाळणाऱ्या माणसाची सकाळ घरातले पडदे ओढण्यापासून सुरू होत होती.

हा माणूस तिथून उठला तो विसाव्या शतकात. स्वीडनचे गुस्ताफ दालेन यांनी ऊन पडले की दिव्याचा गॅस आपोआप बंद करणारी आणि अंधारले की सोडणारी झडप शोधली. 1912 चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. त्याच वर्षी एका स्फोटात त्यांचे डोळे गेले. पुढे वीज आणि दूरनियंत्रण आले. ब्रिटनमधल्या शेवटच्या दीपगृहातले रखवालदार 1998 मध्ये खाली उतरले. आज आपल्याला त्या पुळणीवर जी शांतता भेटते, तिच्यात ही रिकामी झालेली घरेही आहेत.

राहता राहिली वाळू. ती एका जागी थांबत नाही. अमेरिकेतले केप हॅटरस दीपगृह 1870 मध्ये पेटले, तेव्हा पाणी सुमारे 450 मीटर लांब होते. तिथल्या बुडालेल्या जहाजांमुळे त्या पट्ट्याला अटलांटिकची स्मशानभूमी म्हणतात. तो किनारा 1953 मध्ये राष्ट्रीय संरक्षित किनारा झाला, म्हणून आजूबाजूला मोकळी पुळण उरली. पण समुद्र आत सरकतच होता. लाटा पायाजवळ आल्या, तेव्हा 1999 मध्ये साठ मीटर उंचीचा तो विटांचा मनोरा अखंड उचलून रुळांवरून 23 दिवसांत जवळपास 880 मीटर आत नेला. सोबत रखवालदारांची घरेही नेली. स्थलांतरानंतर दीपगृह आणि पाणी यांच्यात पुन्हा साधारण तेवढेच अंतर झाले, जेवढे पहिला दिवा लागला तेव्हा होते.