सर का गेले?

गेल्या वर्षी ऐन स्पर्धा रंगात आलेली असताना माझ्या भाचीच्या फुटबॉल क्लबातले सर यायचे बंद झाले. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन ओळींचा निरोप पडला : ‘उद्यापासून नवीन सर सराव घेतील. ज्यांची फी बाकी आहे त्यांनी शुक्रवारपर्यंत भरावी.’ अर्ध्या तासात वीसेक उत्तरं आली, सगळी फीबद्दल. तेवढ्यात भाचीने आईच्या फोनवरून एक ओळ टाकली, ‘सर का गेले?’ तिला कोणीच उत्तर दिलं नाही. महिनाभराने सर मला दादर स्टेशनच्या पुलावर भेटले तेव्हा कळलं, विरारहून पहाटे निघणं झेपत नव्हतं आणि घराजवळच्या एका शाळेत काम मिळालं होतं. एवढंच. यात लपवण्यासारखं काय होतं, देव जाणे.

पण महिला फुटबॉलमध्ये हंगामाच्या मध्यावर प्रशिक्षक बदलला की चाहत्यांचा पहिला प्रश्न नेमका हाच असतो. पुरुषांच्या संघाचा कोच गेला की लोक गुणतक्ता बघतात. महिलांच्या संघाचा गेला की आधी क्लबचं प्रसिद्धिपत्रक शब्दन् शब्द चाळतात. ही सवय मुख्यतः २०२१ मध्ये अमेरिकेत लागली, आणि ती लागण्यामागे मोठी हकिगत आहे.

मुंबईकरांना मध्येच माणूस बदलण्याचं नवल नाही. २०१३ च्या आयपीएलमध्ये रिकी पाँटिंग अर्ध्यावर स्वतःहून बाजूला झाला, कर्णधारपद रोहित शर्माकडे आलं आणि मुंबई इंडियन्सने पहिल्यांदा चषक उचलला. (तो कर्णधार, प्रशिक्षक नव्हे, हे मान्य. पण या शहराची सगळी उदाहरणं शेवटी वानखेडेवर जातात, त्याला इलाज नाही.) फुटबॉलमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई सिटीचा डेस बकिंगहॅम हंगाम सोडून ऑक्सफर्ड युनायटेडला गेला. अंधेरीच्या स्टँडमध्ये हळहळ झाली, पण कारण उघड होतं : गडी मूळचा ऑक्सफर्डचा, त्याच क्लबात घडलेला, घरून बोलावणं आलं. डिसेंबरात पेत्र क्रात्की आला आणि ४ मे २०२४ ला संघाने कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून इंडियन सुपर लीगचा कप आणला. का गेला हे ठाऊक असलं की लोक निरोपही बरा देतात.

अमेरिकेत हे ‘का’च गायब होतं. तिथली सध्याची महिलांची लीग, एनडब्ल्यूएसएल, २०१३ मध्ये सुरू झाली. तिच्याआधी दोन लीग येऊन बुडाल्या होत्या, दोन्ही तीन-तीन हंगाम खेळून. त्यामुळे तिसरी काहीही करून तगलीच पाहिजे, बोभाटा झाला तर प्रायोजक पळतील, ही धास्ती मालकांपासून खेळाडूंपर्यंत सगळ्यांच्या मनात होती. तक्रार केली तर लीग बुडवल्याचं पाप आपल्या माथी येईल, असं मुलींनाही वाटे. पगार तुटपुंजे, संघ मोजके आणि निवड सर्वस्वी कोचच्या हातात. यातून जे व्हायचं ते झालं.

२०१५ मध्ये पोर्टलँड थॉर्न्सच्या माना शिम या खेळाडूने प्रशिक्षक पॉल रायलीबद्दल क्लबकडे लैंगिक छळाची तक्रार केली. क्लबने चौकशी केली आणि त्याला सोडलं, पण कशासाठी ते जाहीर केलं नाही. उलट त्याच्या कामाबद्दल आभार मानले. काही महिन्यांतच तो वेस्टर्न न्यूयॉर्क फ्लॅशचा प्रशिक्षक झाला. पुढे तोच संघ नॉर्थ कॅरोलायना करेज नावाने खेळू लागला आणि रायलीच्या हाताखाली विजेतेपदं मिळवत गेला. जुन्या क्लबातली गोष्ट नव्या गावच्या चाहत्यांना कळण्याचा मार्गच नव्हता. ते स्टँडमध्ये बसून त्याच्या नावाने टाळ्या पिटत होते. पुढे त्यांना जो राग आला त्यात या टाळ्यांची लाज मिसळलेली होती, असं मला वाटतं.

२०२१ चा हंगाम म्हणजे राजीनाम्यांची रांगच होती. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन स्पिरिटचा रिची बर्क प्रशिक्षकपदावरून दूर झाला. कारण काय, तर प्रकृती. ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ म्हटल्यावर मराठी माणूस लगेच गालातल्या गालात हसतो, आपल्याकडे कितीतरी मंत्री याच दुखण्याने घरी गेले. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टन पोस्टमध्ये खेळाडूंना होणाऱ्या शिवीगाळीची बातमी आली. महिनाअखेरीस लुईव्हिलच्या संघाने आपला कोच क्रिस्टी हॉली याला तडकाफडकी काढलं. मग ३० सप्टेंबरला ‘द ॲथलेटिक’ या क्रीडा संकेतस्थळावर शिम आणि रायलीच्याच हाताखाली खेळलेली सिनेड फॅरेली या दोघी त्याच्याबद्दल नावानिशी बोलल्या. रायलीने बहुतेक आरोप नाकारले, पण क्लबने त्याला त्याच दिवशी काढून टाकलं. त्या शनिवार-रविवारचे सामने झालेच नाहीत, आणि लीगच्या आयुक्त लिसा बेअर्ड यांनाही पद सोडावं लागलं.

६ ऑक्टोबरला खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा सहाव्या मिनिटाला दोन्ही संघांच्या मुली थांबल्या, मैदानाच्या मधल्या वर्तुळात जमल्या आणि हातात हात गुंफून एक मिनिट उभ्या राहिल्या. सहावं मिनिट का, तर शिम आणि फॅरेली यांचं म्हणणं ऐकलं जायला सहा वर्षं लागली. पोर्टलँडच्या समर्थकांनी मागण्यांची यादी करून क्लबपुढे ठेवली. वॉशिंग्टनमध्ये मालक स्टीव्ह बॉल्डविनला उद्देशून ‘स्टीव्ह, टीम विका’ अशा घोषणा उठल्या. इथे एक गोष्ट बारकाईने बघण्यासारखी आहे. राग कोच बदलल्याचा नव्हता, तो उशिरा बदलल्याचा आणि गुपचूप बदलल्याचा होता. म्हणूनच घोषणेत नाव कोचचं नसून मालकाचं होतं.

गंमत म्हणजे त्याच वॉशिंग्टनने त्या वर्षी विजेतेपद मिळवलं. बर्कच्या जागी आलेला क्रिस वॉर्ड हंगामी होता. (मराठीत हा शब्द भलताच सोयीचा, हंगामापुरता तोही हंगामी आणि तात्पुरता तोही हंगामी.) २० नोव्हेंबरला लुईव्हिलमध्ये अंतिम सामन्यात शिकागोविरुद्ध जादा वेळेत २-१. वॉर्ड मग कायम झाला आणि पुढच्याच ऑगस्टमध्ये, पुन्हा हंगामाच्या मध्यावर, सरावातल्या एका प्रसंगावरून तोही गेला.

ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकी फुटबॉल महासंघाने नेमलेल्या वकील सॅली येट्स यांचा चौकशी अहवाल आला. ही एकदोन माणसांची विकृती नाही, लीगच्या सगळ्या व्यवस्थेतच दोष आहे, असं त्यात नोंदवलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये रायली, बर्क, हॉली आणि शिकागोचा रोरी डेम्स या चौघांवर लीगने आजन्म बंदी घातली. पोर्टलँडच्या मालकाला अखेर संघ विकावा लागला. २०२४ च्या सुरुवातीला तो भारतीय वंशाच्या भथाल कुटुंबाने घेतला आणि त्याच वसंतात, चार सामन्यांत एकही विजय नाही म्हणून, त्यांनीही कोच बदलला. या वेळी कारण गुणतक्त्यातच दिसत होतं.

इंग्लंडमधली कथा वेगळी, आणि मुंबईतल्या माझ्यासारख्यांच्या ती जास्त ओळखीची. २०२१ पासून महिलांच्या चॅम्पियन्स लीगचे, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेचे, सामने यूट्यूबवर फुकट दिसू लागले तेव्हा इथल्या आर्सेनलवेड्या पोरांबरोबर त्यांच्या बहिणीही रात्री जागू लागल्या. प्रशिक्षक योनास आयडेव्हाल याने आर्सेनलला दोन लीग कप मिळवून दिले होते. पण २०२४ च्या उन्हाळ्यात आर्सेनलची हुकमी गोल करणारी व्हिव्हियान मीडेमा मँचेस्टर सिटीला गेली आणि हंगामाच्या पहिल्याच सामन्यात तिने आर्सेनलविरुद्ध गोल ठोकला. मग चॅम्पियन्स लीगमध्ये बायर्नकडून २-५ हार, लीगमध्ये घरच्या मैदानावर चेल्सीकडून १-२. लीगच्या चार सामन्यांत जमा पाच गुण. १५ ऑक्टोबरला आयडेव्हालने राजीनामा दिला.

त्या संध्याकाळी आमच्या पाच-सहा जणांच्या गटात दोन तट पडले. एक म्हणत होता, सुटलो. दुसरा म्हणत होता, ऑक्टोबरात कोच काढायचाच होता तर मीडेमा जाण्याआधी का नाही? दुसऱ्याच दिवशी नॉर्वेच्या व्हालेरेंगाशी सामना होता. सहायक रेने स्लेगर्स यांनी संघ हातात घेतला आणि ४-१ जिंकला. जानेवारीत त्या कायम झाल्या. पुढे चॅम्पियन्स लीगच्या बाद फेऱ्यांत रेआल माद्रिदकडे ०-२ हरून लंडनमध्ये ३-०, लियाँकडून घरी १-२ हरून तिकडे जाऊन ४-१. २४ मे २०२५ ला लिस्बनमध्ये बार्सिलोनाविरुद्ध अंतिम सामना होता, आपल्याकडे रात्री साडेनऊला सुरू झाला. दोनच दिवसांनी मुंबईत मान्सून दाखल झाला, म्हणजे हवा कशी असेल ते ओळखा. खिडक्या सताड उघड्या, पंखा पाचवर आणि लॅपटॉप तापून घुरघुरतोय. बेथ मीड आणि स्टीना ब्लॅकस्टेनियस एकदमच बदली म्हणून आत आल्या. अकराच्या सुमारास मीडने चेंडू सरकवला, ब्लॅकस्टेनियसने तो जाळ्यात मारला आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनी छताला काठी ठोकली. १-०. आर्सेनलचा हा मान २००७ नंतर पहिलाच. ‘सुटलो’ म्हणणारा त्या रात्री काही बोलला नाही, नुसता हसत बसला होता.

अर्थात दर वेळी असं होत नाही. मार्च २०२५ मध्ये मँचेस्टर सिटीने गॅरेथ टेलरला काढलं ते लीग कपच्या अंतिम सामन्याला पाच दिवस उरले असताना. निक कुशिंग हंगामी म्हणून परतला आणि चेल्सीकडून १-२ हरला. कारण असेलही, पण मुहूर्त भलताच.

आता आपल्याकडे. इंडियन विमेन्स लीग २०१६-१७ मध्ये सुरू झाली, पण कित्येक वर्षं तिचे शेवटच्या फेरीचे सगळे सामने एकाच शहरात उरकले जात : कधी लुधियाना, कधी बेंगळुरू, कधी भुवनेश्वर. कोल्हापूर सिटी खेळली, मुंबईची पिफा खेळली, पण आपल्या गावात नव्हे. घरचं मैदान नाही तर स्टँड कुठला, आणि स्टँड नाही तर घोषणा कोण देणार? घरी-बाहेरी सामन्यांची पद्धत २०२३-२४ पासून आली.

आणि ‘का’ विचारण्याची वेळ आपल्यावर आली नव्हती असंही नाही. १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाला तीन-चार महिने उरलेले असताना, २०२२ च्या जून-जुलैत, युरोप दौऱ्यावर गेलेल्या भारतीय संघाच्या सहायक प्रशिक्षकाला लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपावरून बडतर्फ करण्यात आलं. महासंघाच्या पहिल्या पत्रकात ना त्याचं नाव होतं ना हुद्दा. ‘गैरवर्तनाची घटना’ आणि ‘संबंधित व्यक्ती’, इतकंच. ३० ऑक्टोबरला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं. तोवर ‘संबंधित व्यक्ती’चा विषय बोलण्यातून गेला होता.

भाचीचा तो मेसेज ग्रुपवर अजून आहे. परवा काही शोधताना वर सरकवत गेलो तर दिसला, ‘सर का गेले?’ आणि त्याच्या खाली फी भरल्याच्या स्क्रीनशॉटची रांग.