देवमाशाच्या दोन ठोक्यांमधली तीस सेकंदं

सप्टेंबर आला की कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींचे माँटेरे उपसागरातले देवमाशांचे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. मागोमाग तो मेसेजही येतो: निळ्या देवमाशाचं हृदय मोटारीएवढं असतं, त्याच्या धमनीतून माणूस पोहत जाईल. दोन्ही थापा आहेत. 2014 साली कॅनडाच्या किनाऱ्याशी मेलेल्या एका निळ्या देवमाशाचं हृदय टोरांटोच्या संग्रहालयाने जतन केलंय. त्याचं वजन साधारण 180 किलो भरलं. मोठंच आहे, पण मोटारीच्या जवळपासही नाही. आणि खरं नवल आकारात नाही, ते ठोक्यांत आहे.

2018 साली माँटेरे उपसागरातच स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक जेरेमी गोल्डबोगन आणि सहकाऱ्यांनी लांब काठीने एका निळ्या देवमाशाच्या डाव्या पराजवळ एक यंत्र चिकटवलं. चार रबरी चकत्या, त्यांतल्या दोनांत हृदयाचे विद्युत संकेत टिपणारे इलेक्ट्रोड. साडेआठ तासांनी ते सुटून वर तरंगलं आणि जिवंत निळ्या देवमाशाचा पहिला ईसीजी हाती आला.

खोल बुडी मारल्यावर ठोके मिनिटाला चार ते आठ, कधी तर फक्त दोन! साठवलेला ऑक्सिजन पुरवून वापरायचा म्हणून हृदय मंदावतं. पण दोन ठोक्यांत तीस सेकंदांचं अंतर पडलं, तर मधल्या वेळात रक्त कसं वाहतं? उत्तर महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, कमानीत आहे. तिची भिंत विलक्षण लवचीक असते. ठोका पडला की ती फुगून रक्त साठवते आणि मग सावकाश आकसत ते पुढे ढकलत राहते. नळाला पाणी तासभरच येतं, तरी गच्चीवरच्या टाकीमुळे घरात दिवसभर मिळतं, तसंच हे.

खाली क्रिलच्या, म्हणजे कोळंबीसारख्या चिमुकल्या जिवांच्या, थव्यावर जबडा उघडून झेप घेताना ठोके अडीचपट वाढतात आणि लगेच पुन्हा उतरतात. खरी धावपळ वर आल्यावर सुरू होते. तेव्हा ठोके 25 ते 37, म्हणजे या हृदयाची जवळजवळ कमाल मर्यादा. बोटीवरून पाहताना वाटतं, देवमासा निवांत पडून फवारे सोडतोय. तो फवारा म्हणजे पाण्याचं कारंजं नव्हे, उच्छ्वासातली वाफ आणि तुषार. वर घेतलेल्या त्या श्वासांत शरीर ऑक्सिजनची तूट भरून काढत असतं. फोटोसाठी बोट अंगावर नेली आणि तो घाबरून लवकर बुडाला, तर ती भरपाई अर्धवट राहते. तिथे निदान 100 यार्ड, म्हणजे सुमारे 90 मीटर, लांब राहायला सांगतात ते म्हणूनही पाळायला हवं.