ऐन, अर्जुन आणि त्यांची भावंडे : एकाच प्रजातीतील अनुकूलन

ऐन, अर्जुन, किंजळ, हिरडा आणि बेहडा हे पाचही वृक्ष अर्जुन कुलातील टर्मिनेलिया या एकाच प्रजातीच्या जाती आहेत. फांद्यांच्या टोकांशी पानांची दाटी होते, म्हणून ‘टोक’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून लिनीअसने १७६७ मध्ये प्रजातीला हे नाव दिले. फुले सगळ्यांची जवळपास सारखीच : बारीक, पाकळ्या नसलेली, पाच संदले आणि दहा पुंकेसर असलेली. फुलोरा पाहून जाती ओळखू गेल्यास अनुभवी माणूसही चकतो. फरक पडतो तो फळात, सालीत आणि ऋतुचक्रात, म्हणजे प्रत्येक जातीचा जागेशी जिथे संबंध येतो तिथे.

अर्जुन नदी-ओढ्यांच्या काठचा. त्याच्या फळाला पाच अरुंद, चिवट पंख असतात. फळ पाण्यावर तरंगत जाते आणि ओलसर काठाला लागते. साल गुळगुळीत, पांढुरकी, पातळ पापुद्र्यांनी सुटणारी. मुळाशी ओल असल्याने उन्हाळ्यातही तो फार काळ निष्पर्ण राहत नाही.

ऐन त्याचा अगदी जवळचा नातलग. दोघांचा संकर होतो, दोघांच्या पाल्यावर टसर रेशमाच्या अळ्या पोसल्या जातात आणि मराठीत ‘सादडा’ हे नावही दोघांना चालते. पण ऐन राहतो सागाच्या कोरड्या पानझडी रानात, जिथे वणवा नित्याचा. त्याची साल काळपट, जाड आणि मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींनी तडकलेली असते. आगीची झळ आतल्या जिवंत थरापर्यंत सहज पोचत नाही. काही ऐन खोडात पाणी साठवतात आणि भर उन्हाळ्यात तिथे खाच पाडली की ते बाहेर येते. त्याच्या फळाचे पाच पंख रुंद, कागदी असतात, कारण बी वाऱ्यावर जायचे असते. शंका आली तर पंखावरच्या शिरा पाहाव्यात : ऐनात त्या आडव्या थेट कडेपर्यंत जातात, अर्जुनात वर वळतात.

किंजळ कोकणातील आणि सह्याद्रीतील भरपूर पावसाच्या रानांचा. फळ जेमतेम सेंटिमीटरभर, एक पंख मोठा आणि दोन लहान. हिवाळ्यात ही फळे झुबक्यांनी लगडतात, तेव्हा अख्खे झाड तांबूस गंजकट दिसते.

हिरडा आणि बेहड्याने पंखांचा नाद सोडला आहे. त्यांचे फळ गरदार, आत कठीण आठळी. ते जनावरांच्या तोंडून पसरते. वाळलेल्या हिरड्यावर पाच कंगोरे मात्र उमटतातच. याच प्रजातीतील, किनाऱ्यावरच्या देशी बदामाने तिसरीच वाट धरली : हलक्या, तंतुमय आवरणामुळे त्याचे फळ समुद्रावर तरंगते.

तरीही प्रत्येक फरकाला उपयोगाचे कारण चिकटवणे घाईचे ठरेल. रस्त्याकडेला लावलेला अर्जुन, सुरुवातीला पाणी मिळाले तर, नदीपासून दूरही चांगला वाढतो. त्यामुळे काठ ही मोठ्या झाडापेक्षा बी आणि रोपाची गरज असावी. आणि रूपावरून नाते ठरवणेही फसवे असते. खडकाळ डोंगरउतारावरच्या धावड्याची चिमुकली फळे गोल गेंदात येतात, म्हणून तो फार काळ वेगळ्या प्रजातीत गणला गेला. डीएनएच्या आधारे २०१७ मध्ये त्यालाही टर्मिनेलियात घेतले गेले.