कालचा भाव आज का दिसतो

मृग बहाराची संत्री नागपूरच्या कळमना बाजारात यायला लागली की एका व्यापाऱ्याचा फोन ठरलेला. "भाऊ, भाव सकाळीच बदलवला, पण पोरांच्या मोबाइलवर जुनाच दाखवून राहिला ना!" त्याचं वेब-पान साधं आहे. भावाचा आकडा पानाच्याच पोटातल्या दोन ओळींच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, लिहिलेला. ब्राउझर पानाची प्रत जवळ ठेवतो (हीच 'कॅशे') आणि पुन्हा मागितलं की कधी कधी तीच दाखवतो. या तक्रारीचं मूळ मात्र पंचवीस-तीस वर्षं जुनं आहे.

नेटस्केपने १९९५च्या अखेरीस जावास्क्रिप्ट ही स्क्रिप्टची भाषा जाहीर केली आणि ती सरळ पानाच्या एचटीएमएल मजकुरामध्येच लिहायची सवय लागली. मे १९९६मध्ये एचटीटीपी १.०, म्हणजे ब्राउझर आणि पान पाठवणारा सर्व्हर यांच्यातल्या बोलण्याचे नियम, लेखी स्वरूपात आलं. त्यात 'एक्स्पायर्स' (प्रत कधीपर्यंत ताजी, ती वेळ) होतं, 'बदललं असेल तरच पाठव' असं विचारायची सोयही होती. जानेवारी १९९७मध्ये १.१ने 'कॅशे-कंट्रोल' (प्रत कशी ठेवायची याच्या सूचना) आणि 'ई-टॅग' (आवृत्तीची खूण) दिले. पण हे सगळे नियम वेब-पत्त्याला (यूआरएल) लागू होतात. वेगळ्या फाइलमधल्या स्क्रिप्टला स्वतःचा पत्ता असतो. पानातच लिहिलेल्या, म्हणजे इनलाइन, स्क्रिप्टला तो नाहीच. पान शिळं, की तीही शिळी.

आणि सर्व्हरने मुदत सांगितलीच नाही तर? मग ब्राउझर अंदाज बांधतो. पान शेवटचं बदलून जितका काळ झाला, त्याच्या साधारण १० टक्के काळ ते ताजं धरायचं, असा नमुना १.१च्या दस्तऐवजातच आहे. आता आमच्या व्यापाऱ्याचं बघा. दोन बहारांच्या मधे महिनाभर पानाला हात लागत नाही. ३० दिवसांचे १० टक्के म्हणजे ३ दिवस! हंगाम उघडायच्या आदल्या दिवशी ज्याने पान पाहिलं, त्याला नेमका पहिल्याच दिवशी जुना भाव. रोज भाव बदलत असताना हा घोळ दोन-अडीच तासांत निवळतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

उपाय 'नो-कॅशे'. नाव फसवं आहे: प्रत ठेवा, पण दाखवण्याआधी सर्व्हरला विचारा, एवढाच त्याचा अर्थ. ठेवूच नका म्हणायचं तर 'नो-स्टोअर'.

मागे जायच्या बटणाची गोष्ट आणखी वेगळी. फायरफॉक्स १.५ने २००५मध्ये अख्खं पान, चालू स्क्रिप्टसकट, मेमरीत गोठवून ठेवायला सुरुवात केली. डेस्कटॉपवरच्या क्रोमने हे २०२१मध्ये केलं. असं परत आलेलं पान स्क्रिप्ट पहिल्यापासून चालवत नाही. म्हणून आम्ही आता 'पेजशो' (पान समोर आल्याची ब्राउझरची सूचना) घडलं की भाव नव्याने मागवतो.