इयर ट्वेल्व्हपासून युनिव्हर्सिटीचा शोध : आई-बाबा आणि मुलांसाठी माहितीपत्रक

इयर ट्वेल्व्ह म्हणजे बारावी नव्हे. वयाच्या हिशेबानं ती आपली अकरावी. पुण्या-नाशिकच्या आजीला फोनवर हे समजावण्यात बऱ्याच घरांचा एखादा रविवार जातो. पण खरा फरक त्याच्या पुढे आहे. महाराष्ट्रात आधी परीक्षा, मग मार्क, मग कॅप राउंड. ब्रिटनमध्ये ए-लेव्हलचे, म्हणजे इयर थर्टीनच्या अखेरच्या परीक्षेचे, पेपर व्हायच्या कितीतरी महिने आधी अर्ज जातो, तोही शिक्षकांनी अंदाजानं दिलेल्या ग्रेडवर, म्हणजे प्रेडिक्टेड ग्रेडवर. ऑफर येते ती बहुधा ‘एवढे ग्रेड आणलेस तर’ या अटीवर. ‘आधी मार्क येऊ देत, मग बघू’ हे आपलं नेहमीचं वाक्य इथे उपयोगाचं नाही.

विद्यापीठांचे अर्ज यूकॅस या मध्यवर्ती संस्थेमार्फत जातात. तिचा फॉर्म इयर थर्टीनच्या सप्टेंबरपासून पाठवता येतो. एका फॉर्ममध्ये पाच कोर्स निवडता येतात. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडे एकाच वर्षी अर्ज करता येत नाही. या दोन ठिकाणांसाठी आणि मेडिसिन, डेंटिस्ट्री, व्हेटरनरीच्या कोर्सेससाठी शेवटची तारीख १५ ऑक्टोबर. बाकी बहुतेक कोर्सेसची जानेवारीत. २०२६च्या प्रवेशासाठी ती १४ जानेवारी होती. त्यामुळे इयर ट्वेल्व्हचं वर्ष फॉर्म भरायचं नसून बघण्याचं, वाचण्याचं आणि मत बदलण्याचं आहे.

आधी विषय

आमच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्यांच्या पहिल्या भेटीत हमखास येणारा प्रश्न : ‘रसेल ग्रुपमध्ये मिळेल ना?’ रसेल ग्रुप ही संशोधनावर भर देणाऱ्या २४ विद्यापीठांची संघटना आहे, १९९४ साली स्थापन झालेली. आयआयटीसारखा तो प्रवेशाचा दर्जा नव्हे. त्यात सेंट अँड्र्यूज नाही, बाथ नाही, लफबरोही नाही, आणि या तिन्ही ठिकाणी प्रवेश मिळवणं सोपं नाही. नाव बघून पाच पर्याय ठरवले तर पाच वेगवेगळ्या स्वभावाचे कोर्स हाती येतात आणि मुलाला त्यातला एकही नीट ठाऊक नसतो.

इथे प्रवेश कोर्सला मिळतो. इंग्लंडमध्ये बहुतेक पदव्या तीन वर्षांच्या, आणि पहिल्या आठवड्यापासून तोच विषय. म्हणून कोर्सच्या पानावर जाऊन दोन गोष्टी वाचाव्यात : प्रवेशाच्या अटी आणि तिन्ही वर्षांच्या मॉड्यूल्सची, म्हणजे कोर्समधल्या घटकांची, यादी. उदाहरणार्थ इकॉनॉमिक्स. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स किंवा केंब्रिजला त्यासाठी ए-लेव्हल मॅथ्स लागतंच. तिथल्या पहिल्या वर्षात गणित आणि संख्याशास्त्र बरंच असतं. दुसरीकडे ‘इकॉनॉमिक्स’ याच नावाचा कोर्स ए-लेव्हल मॅथ्सशिवाय मिळतो, आणि त्यात आर्थिक इतिहास, सरकारी धोरणं, विकसनशील देश यांना जागा असते. ज्या मुलीला बातम्यांमधल्या महागाईवर वाद घालायला आवडतो पण इंटिग्रेशन बघितलं की जांभई येते, तिच्यासाठी या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मूल्यमापन कसं होतं हेही त्याच पानावर असतं : सगळं परीक्षेवर, की निबंध आणि प्रोजेक्टवर? ‘डिस्कव्हर युनि’ या अधिकृत संकेतस्थळावर दोन कोर्स शेजारी-शेजारी ठेवून विद्यार्थ्यांचं समाधान आणि पदवीनंतरची कमाई बघता येते. ती बघावी, पण मॉड्यूल्स वाचून झाल्यावर.

ए-लेव्हलच्या विषयांमुळे काही दारं उघडतात, काही बंद होतात. मेडिसिनला बहुतेक ठिकाणी केमिस्ट्री लागतं. इंजिनिअरिंगला मॅथ्स, आणि अनेकदा फिजिक्स. इंपीरियलसारख्या ठिकाणी कम्प्युटर सायन्सला मॅथ्सची सक्ती आहे, ए-लेव्हल कम्प्युटर सायन्सची नाही. पालकांना हे ऐकून धक्का बसतो. लॉसाठी ए-लेव्हल लॉ असावंच लागत नाही. इयर ट्वेल्व्हच्या पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक शाळा विषय बदलू देतात, तेव्हा हे वाचन सप्टेंबरातच झालं तर बरं.

हा भाग मुलांनी वाचावा

(देवनागरी वाचता येत नसेल तर आई-बाबांनी मोठ्यानं वाचून दाखवावा. कंटाळा आला तरी.)

तुला काय व्हायचंय हे आत्ता माहीत नसलं तरी चालेल. शाळेनं सांगितलं नसताना तू काय वाचतोस किंवा वाचतेस, एवढं बघ. लंडनमधल्या ग्रेशॅम कॉलेजची व्याख्यानं १५९७पासून चालू आहेत, फुकट आहेत आणि ऑनलाइनही मिळतात. खगोलशास्त्र, कायदा, वैद्यक, संगीत; एका महिन्यात चार वेगवेगळ्या विषयांवरची ऐक. कोणतं मध्येच बंद केलंस आणि कोणतं संपल्यावर आणखी शोधत बसलास, याची नोंद ठेव. गणिताकडे ओढा असेल तर केंब्रिजच्या ‘एनरिच’वरचे प्रश्न सोडव. सरकारी शाळेत असशील तर सटन ट्रस्टची समर स्कूल्स आणि ऑक्सफर्डचा ‘युनिक’ हे मोफत कार्यक्रम इयर ट्वेल्व्हच्या मुलांसाठीच आहेत. अर्ज नाताळच्या सुट्टीच्या सुमाराला सुरू होतात आणि मुदत लवकर संपते, म्हणून तारखा डिसेंबरात बघून ठेव.

एक वही कर. काय वाचलं, काय पटलं नाही, कोणता प्रश्न सुटला नाही, तीन-तीन ओळी. २०२६च्या प्रवेशापासून पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे अर्जासोबत तू स्वतःबद्दल लिहायचा मजकूर, एक लांबलचक निबंध राहिलेला नाही. तीन प्रश्न असतात : हा विषय का, शाळेतल्या अभ्यासानं तुझी तयारी कशी झाली, आणि अभ्यासाबाहेर तू काय केलंस. तिन्ही मिळून ४,००० अक्षरं, प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं. वहीत नोंदी असतील तर ही उत्तरं चार संध्याकाळींत होतात. नसतील तर ‘मला लहानपणापासूनच विज्ञानाची आवड आहे’ या वाक्यापाशी गाडी अडते.

ती उत्तरं आम्ही लिहून देत नाही. वाचून प्रश्न विचारतो. यूकॅस मजकुरातला सारखेपणा तपासतं, आणि तसंही, दुसऱ्यानं लिहिलेलं मुलाखतीत लगेच उघडं पडतं.

मेडिसिन

पाचपैकी चारच पर्याय मेडिसिनचे देता येतात, पाचवा वेगळ्या विषयाचा. यूकॅट ही मेडिसिनची प्रवेश परीक्षा इयर ट्वेल्व्ह संपल्यावर जुलै ते सप्टेंबरमध्ये असते आणि स्कोअर त्याच दिवशी कळतो. प्रत्येक मेडिकल स्कूल तो वेगळ्या पद्धतीनं वापरतं, म्हणून स्कोअर हातात आल्यावरच चार नावं पक्की करावीत. केअर होममध्ये किंवा चॅरिटी शॉपमध्ये दर आठवड्याला दोन तास केलेलं काम, ओळखीच्या डॉक्टरकाकांच्या मागे दोन दिवस फिरण्यापेक्षा आम्हाला जास्त मोलाचं वाटतं.

फी : हे मात्र आत्ताच तपासा

गुणवत्तेपेक्षा व्हिसामुळे अडलेली मुलं आम्ही पाहतो, आणि तेव्हा बहुतेक उशीर झालेला असतो.

इंग्लंडमध्ये २०२५-२६ला ‘होम’ विद्यार्थ्यांची कमाल फी वर्षाला ९,५३५ पौंड होती. ‘ओव्हरसीज’ फी त्याच्या कितीतरी पट. काही कोर्सेसना वर्षाला ४०,००० पौंडांच्या पुढे. होम फीसाठी ढोबळ नियम असा : कोर्स सुरू होताना मुलाकडे ब्रिटिश नागरिकत्व किंवा आयएलआर (इथे कायम राहण्याची परवानगी) हवं, आणि त्याआधीची तीन वर्षं वास्तव्य इथलं हवं. दोन्ही. ब्रिटिश पासपोर्ट आहे पण बाबांच्या प्रोजेक्टमुळे मधली दोन वर्षं हिंजवडीत गेली, अशा घरांनी गृहीत धरू नये. ते परदेशी राहणं तात्पुरतं होतं हे कागदपत्रांनी दाखवावं लागतं. उलट बाजूनं, आई किंवा बाबा स्किल्ड वर्कर व्हिसावर आहेत आणि आयएलआर अजून लांब आहे, तर मूल इथल्याच शाळेत शिकलं म्हणून आपोआप ‘होम’ ठरत नाही.

एक वाट मात्र अनेकांना ठाऊक नसते. मूल १८ वर्षांचं किंवा मोठं असेल आणि निम्मं आयुष्य ब्रिटनमध्ये गेलं असेल, तर इंग्लंडमध्ये दीर्घ वास्तव्याच्या नियमाखाली होम फी आणि विद्यार्थी कर्ज दोन्ही मिळू शकतं. शाळेतून सरळ जाणारी मुलं सप्टेंबरात बहुतेक अठराची असतात. म्हणजे साधारण नवव्या वाढदिवसाच्या आत इथे आलेल्यांनी हा नियम जरूर तपासावा. अंतिम निर्णय विद्यापीठाचा असतो. सविस्तर नियम यूकेसीआयएसए या, परदेशी विद्यार्थ्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर आहेत. विद्यापीठाला ईमेल करून लेखी उत्तर मागा. फोनवरच्या ‘हो, चालेल बहुतेक’वर विसंबू नका.

विद्यार्थी कर्जाची आपल्याकडे उगाच धास्ती आहे. इंग्लंडमधून आत्ता सुरुवात करणाऱ्यांना पगार वर्षाला २५,००० पौंडांच्या वर गेल्यावर, वरच्या रकमेच्या ९ टक्के भरावे लागतात. पगार ३०,००० असेल तर वर्षाला ४५० पौंड, महिन्याला साडेसदतीस. ४० वर्षांनी उरलेलं माफ. व्याज लागतं हे खरं, पण दारात वसुलीवाला येत नाही.

स्कॉटलंडमध्ये पदवी बहुधा चार वर्षांची असते. एडिंबरा आवडलं तर चौथ्या वर्षाची फी आणि भाडं आधीच धरा. डिग्री अप्रेंटिसशिपचा, म्हणजे नोकरी करता करता पदवी घेण्याचाही विचार व्हावा : फी नाही, पगार मिळतो, अर्ज थेट कंपनीकडे. ‘शिक्षण सोडून नोकरी?’ असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना सांगा, की शेवटी पदवीच मिळते, आणि काही कंपन्यांत ती जागा मिळवणं चांगल्या विद्यापीठापेक्षा अवघड आहे.

ओपन डे

विद्यापीठ प्रत्यक्ष बघायला बोलावतात ते हे दिवस जून-जुलैमध्ये आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असतात. पहिला ओपन डे घराजवळचा घ्या, तिथे अर्ज करायचा नसला तरी. स्लाउ किंवा हाउन्स्लोकडच्या घरांना रेडिंग, ब्रुनेल, रॉयल हॉलोवे जवळ पडतात. एकदा सराव झाला की मँचेस्टरचं तिकीट काढा. विषयाचं व्याख्यान चुकवू नका, वसतिगृहाची फेरी चुकली तरी चालेल. प्रश्न मुलांना विचारू द्या. आई-बाबांनी हात वर केला की मूल खाली बघतं, हे आम्ही प्रत्येक हॉलमध्ये पाहिलंय. टी-शर्ट घालून वाट दाखवणारे विद्यार्थी सगळ्यात कामाचे : ‘दुसऱ्या वर्षी घर कुठे मिळालं?’, ‘कोणतं मॉड्यूल पुन्हा घेणार नाहीस?’ एवढं विचारलं तरी माहितीपुस्तिकेत नसलेलं बरंच कळतं.

आमच्याकडे येताना

पहिली भेट ४५ मिनिटांची, मोफत, मराठीत किंवा इंग्रजीत. जीसीएसईचा (इयर इलेव्हनच्या परीक्षेचा) निकाल, ए-लेव्हलचे विषय, ई-व्हिसाचा तपशील आणि गेल्या काही वर्षांतल्या परदेशी मुक्कामांच्या तारखा आणा. मुलाला किंवा मुलीला सोबत आणायलाच हवं. एकट्या आलेल्या आई-बाबांना आम्ही चहा देतो, सल्ला देत नाही. हाफ टर्मच्या आठवड्यातल्या वेळा लवकर भरतात, म्हणून फेब्रुवारीसाठी जानेवारीतच कळवा.